कुंडीतला साब्रा



गेल्या उन्हाळ्यात दोन-तीन भगिनींचे फोन आले. विषय एकच. मरपेसेतल्या कुंडीतल्या साब्र्यावर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतो, पुसला तर बोट लाल होते, हे काय आहे? एकीने तर घाबऱ्या घाबऱ्या विचारले, "झाडाला रक्त येते का हो?" आम्ही हसलो नाही, कारण त्याच आठवड्यात आमच्या घरच्या निवडुंगावरही तोच कापूस दिसला होता आणि आमचेही बोट लाल झाले होते.

उत्तर दोन ओळींत देता आले असते: स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, फार झाले असेल तर ते पान कापून टाका. पण या कापसामागे मोठा इतिहास आहे, त्यात आपले कोकणही आहे, आणि आमच्या पिढीने या देशात काढलेली पहिली वर्षेही आहेत. म्हणून फोनवर न मावलेले इथे लिहितो. कुंडीची निगा कशी राखायची तेही सांगतो, पण जरा वेळाने.

आमच्या घरचे झाड आईचे. 1963 साली आम्ही आलिया केली आणि लोदजवळ आलो. घरापासून थोड्या अंतरावर संत्र्यांचा बाग होता आणि त्याच्या कडेने पुरुषभर उंच फड्या निवडुंगाचे कुंपण होते. आईने पहिल्याच दिवशी ते पाहिले आणि म्हणाली, "अगो बाई, हा इथं पण आहे!" नव्या देशात ओळखीचे असे पहिले तेच दिसले. भाषा ओळखीची नव्हती, पाव ओळखीचा नव्हता, थंडी तर मुळीच नव्हती. एके दिवशी तिने वर्तमानपत्राची घडी करून त्यात एक पान धरले, सुरीने कापले आणि घरी आणले. ऑलिव्हच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोके पाडली आणि त्यात ते लावले. पुढे डबा गंजला, कुंड्या चारदा बदलल्या, घर दोनदा बदलले. झाड तेच आहे.

शेजारी मोरोक्कोहून आलेले एक कुटुंब होते. त्यातल्या बाई आईच्या वयाच्या. एका सकाळी त्या मरपेसेतून डब्याकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणाल्या, "हेंदिया! हेंदिया!" आईला वाटले, आपल्यालाच हाक मारताहेत, आणि तीही अशी. त्या काळात रस्त्यावर आम्हाला 'होदीम' म्हणून हाका मारल्या जात. कधी प्रेमाने, कधी नाही. आई तोंड फिरवून आत गेली. दोन आठवडे बोलणे बंद. मग आमच्या मोठ्या बहिणीने उल्पानमध्ये शिकलेल्या मोडक्या हिब्रूत चौकशी केली तेव्हा कळले, की मोरोक्कोच्या बोलीत या झाडाच्या फळालाच 'हेंदिया' म्हणतात. म्हणजे 'हिंदुस्थानातले'. बाईंना एवढेच सांगायचे होते, की हे आमच्याकडेही होते. त्यांचे आणि आईचे मग इतके जमले, की शुक्रवारी दोन्ही घरची ताटे एकमेकींकडे जाऊ लागली.

पण गंमत अशी, की हे झाड हिंदुस्थानातले नाहीच.

फड्या निवडुंगाचे मूळ घर मेक्सिको. तिथल्या अझ्टेक लोकांच्या कथेत, देवाने सांगितले होते की जिथे निवडुंगावर बसलेला गरुड दिसेल तिथे शहर वसवा; त्या जागी त्यांनी आपली राजधानी वसवली. मेक्सिकोच्या झेंड्यावर आजही तो गरुड आणि तो निवडुंग आहे. तिथले लोक त्याची कोवळी पाने भाजी म्हणून खातात, फळे खातात आणि त्यावरच्या किड्यापासून लाल रंग काढतात.

कोलंबस 3 ऑगस्ट 1492 रोजी स्पेनच्या किनाऱ्यावरून निघाला. आपल्या वाचकांना ते साल वेगळ्या कारणाने पाठ आहे. त्याच वर्षी मार्चअखेर स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देश सोडण्याचा हुकूम दिला आणि जुलैअखेर ते निघाले. म्हणजे एकाच उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावरून ज्यू बाहेर पडत होते आणि ज्या जहाजांच्या वाटेने पुढे हा निवडुंग येणार होता ती जहाजे सुटत होती. स्पेनमधून निवडुंग भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने पसरला. सिसिली, मोरोक्को, ट्युनिस, इजिप्त आणि हा आपला देश. स्पेनमधून निघालेल्या ज्यूंपैकी पुष्कळजण याच किनाऱ्यांवर जाऊन राहिले होते. मोरोक्कोच्या आमच्या शेजारणीचे पूर्वज त्यांतले होते की नाही, हे विचारायचे राहून गेले.

झाड जिथे गेले तिथे लोकांनी त्याला दुसऱ्या कोणाचे तरी नाव दिले. तुर्क म्हणाले फिरंग्यांचे अंजीर. फ्रेंच म्हणाले बर्बरांचे अंजीर. मोरोक्कोत 'हेंदिया' शिवाय 'ख्रिस्त्यांचे अंजीर' असेही एक नाव आहे. इटालियन आणि इंग्रज म्हणाले हिंदी अंजीर, कारण कोलंबसाला आपण हिंदुस्थानला पोचलो असे वाटले होते. 1753 मध्ये लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने झाडांना लॅटिन नावे दिली, तेव्हा त्यानेही हेच नाव पक्के करून टाकले: 'फिकस-इंडिका'. आजही पुस्तकात तेच आहे. 'आमचे' असे मात्र कोणी म्हणाले नाही. ते पुढे या देशात घडले, त्याकडे येऊच.

आता कोकण. 'निवडुंग' हा शब्द आपल्याकडे फड्या येण्याच्या आधीपासूनचा आहे. तेव्हा तो थोराला म्हणत, तीन किंवा पाच धारांचा, तोडला तर पांढरा चीक येणारा. तो अस्सल हिंदुस्थानी. चपट्या पानांचा हा पाहुणा आला तेव्हा लोकांनी काटे पाहिले आणि त्यालाही निवडुंग म्हणून टाकले. फक्त नागाच्या फडीसारखा दिसतो म्हणून पुढे 'फड्या' लावले. दोघांची जात वेगळी, घराणे वेगळे. फड्याला चीक नाही, हे ओळखायची सोपी खूण. पुण्याच्या रास्ता पेठेत राहिलेल्या वाचकांना सिनेगॉगपासून थोड्याच अंतरावर नाना पेठेतले निवडुंग्या विठोबाचे देऊळ आठवत असेल. तिथली मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली असे सांगत. तो निवडुंग थोर की फड्या, हा प्रश्न लहानपणी आम्हाला कधी पडला नाही. आता पडतो, पण विचारणार कोणाला?

आम्ही अलिबागेकडचे. आमची आजी सांगे, तिच्या माहेरी समुद्राकडेच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी फड्याच्या भिंतीच होत्या. मुले लाल बोंडे खाऊन ओठ रंगवीत आणि घरी मार खात, कारण बोंडावरची बारीक कुसळे जिभेत रुतली की दिवसभर कोणी बोलू शकत नसे. कोणाला डांग्या खोकला झाला की बोंडांचा रस मधातून देत. गळवावर पान भाजून बांधीत. आम्ही मात्र लहानपणी त्या वाटेने गेलो तेव्हा भिंती कुठेच दिसल्या नाहीत. चार-दोन झुडपे होती. आम्हाला वाटे, म्हातारी माणसे गोष्ट वाढवून सांगतात. आजी खोटे बोलत नव्हती हे कळायला आम्हाला म्हातारे व्हावे लागले.

झाले असे होते. मेक्सिकोत या निवडुंगावर एक बारीक किडा राहतो. इंग्रजीत त्याला कोचिनील म्हणतात. मादी झाडाला चिकटून रस पिते आणि अंगावर पांढऱ्या मेणाचे कापसासारखे पांघरूण घेते. ती चिरडली की गडद लाल रंग निघतो. स्पेनने हा रंग शेकडो वर्षे युरोपला विकला. मेक्सिकोतून जाणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल किंमत याचीच होती. इंग्रज फौजेतल्या अधिकाऱ्यांचे लाल कोट याच किड्यात रंगत. शत्रूकडून विकत घेतलेल्या रंगात कोट रंगवायचे हे कंपनी सरकारला बोचत होते. म्हणून 1786 च्या सुमारास मद्रासचे डॉ. जेम्स अँडरसन यांनी हिंदुस्थानात हा किडा पाळण्याचे मनावर घेतले. मद्रासजवळ सैदापेठेत खास निवडुंगाची बाग केली, रोपे इकडेतिकडे वाटली. झाडे भरपूर झाली, पण किडा नव्हता. 1795 मध्ये कॅप्टन नीलसन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने ब्राझीलच्या रिओ बंदरातून किडे कलकत्त्याला आणले. कंपनीला आनंद झाला. पण तो किडा रंगाचा उत्तम किडा नव्हता, त्याचा रानटी भाऊबंद होता. रंग कमी देई आणि झाड मात्र अधाशासारखे खाई. रंगाचा धंदा बुडाला आणि उत्तरेत व मध्य हिंदुस्थानात एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पडला.

तेव्हा लोकांच्या ध्यानात आले, की रंग राहू द्या, पण नको असलेला निवडुंग काढायला हा किडा बरा. 1836 ते 1838 च्या दरम्यान तो मुद्दाम दक्षिणेत नेऊन सोडला. एखाद्या किड्याकडून नको असलेले झाड काढवण्याचे जगातले हे पहिले उदाहरण मानतात. पण दक्षिणेत आणि दख्खनमध्ये दुसऱ्या जातीचा निवडुंग माजला होता आणि त्याला हा किडा तोंड लावीना. शेतेच्या शेते फड्याखाली गेली. दुष्काळात काटे जाळून तो गुरांना घालीत, एवढाच त्याचा उपयोग. शेवटी 1926 मध्ये सिलोनहून कोचिनीलची आणखी एक जात दक्षिण हिंदुस्थानात आणली, आणि तिने पाच-सहा वर्षांत हजारो एकर रान मोकळे केले. किडा पुढे आपोआप पसरत गेला. आजीच्या भिंती पडल्या त्या अशा. शेतकऱ्यांनी देवाचे आभार मानले असतील, आणि ते योग्यच. ऑस्ट्रेलियात तर याच सुमारास दुसऱ्या एका किड्याने, एका पतंगाच्या अळीने, निवडुंगापासून शेते सोडवली. तिथल्या शेतकऱ्यांनी 1936 मध्ये गावच्या सभागृहाला त्या अळीचे नाव दिले. आपले नातलग ऑस्ट्रेलियात पुष्कळ आहेत. क्वीन्सलंडमध्ये बूनार्गा नावाचे गाव आहे, कोणी त्या बाजूला गेले तर एक फोटो जरूर पाठवा.

आता परत या देशात. इथे निवडुंग कोणाला काढून टाकायचा नव्हता. अरब खेड्यांतून तो शेताची आणि घराची हद्द होता, गुरे अडवणारे कुंपण होता, उन्हाळ्यातले फुकटचे फळ होता. अरबीत त्याचे नाव 'सब्र' या शब्दाच्याच मुळाक्षरांतून आले आहे. सब्र म्हणजे धीर. आपल्या मराठीत तोच शब्द 'सबूर' आणि 'सबुरी' होऊन आला. कोकणातली आई पोराला "जरा सबूर कर" म्हणते आणि गालीलमधला शेतकरी आपल्या कुंपणाला हाक मारतो, ती एकाच मुळातून. हिब्रूत त्याचा 'त्झाबार' झाला, बोलताना 'साब्रा'. इथे जन्मलेल्या मुलांना हे नाव पहिल्या महायुद्धानंतर चिकटू लागले, तेल अवीवच्या एका शाळेत युरोपातून आलेली मुले इथल्या मुलांना चिडवताना असे म्हणत, असे सांगतात. 1931 मध्ये उरी केसारी या पत्रकाराने वर्तमानपत्रात लेख लिहून ते नाव अभिमानाने घेतले. तेव्हापासून बाहेरून काटेरी आणि आतून गोड अशी या मातीतल्या मुलाची ओळख झाली. मेक्सिकोहून आलेले झाड, आणि नाव कोणाला, तर इथेच जन्मलेल्याला!

आम्हाला हे कळले तेव्हा आम्ही फार हसलो. पण त्यात एक सल होताच. आमची मुले शाळेत जाऊ लागली, साब्रा झाली, आणि आम्ही मात्र 'होदीम'च राहिलो. ज्यांचे वय आज ऐंशीच्या पुढे आहे त्यांना 1962 ते 1964 ची वर्षे आठवतील. लग्नाची नोंद करायला गेले की आपल्या आजी-पणजीची चौकशी होई. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून आलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली, शेमा सोडून सगळे विसरले तरी सुंता आणि शब्बात न विसरलेले ते लोक, हे सगळे आपण समजावून सांगत होतो, आणि समोरचा कागदावर काही लिहीत होता. 1964 च्या उन्हाळ्यात आपले लोक जेरुसलेमला धरणे धरून बसले. ऑगस्टमध्ये क्नेसेटने ठराव केला, की बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत, त्यांच्यात आणि इतरांत फरक नाही. आमचे वडील त्या दिवशी घरी आले, रेडिओ बंद केला आणि मरपेसेत जाऊन बसले. डब्यातल्या निवडुंगाकडे पाहून म्हणाले, "याला कोणी नाही विचारलं, तुझी पणजी कोण." आईने त्यांना गप्प केले. म्हणाली, "झाडाला लग्न करायचं नसतं."

एक गोष्ट इथे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. ज्या कुंपणावरून आईने पान कापले, ते कोणी लावले होते? 1948 पूर्वी तिथे राहणाऱ्या अरब शेतकऱ्यांनी. ते गेले, घरे गेली आणि कुंपण राहिले. देशात आजही रस्त्याने जाताना ओसाड टेकडीवर निवडुंगाची चौकट दिसली, की तिथे एके काळी गाव होते असे समजावे. निवडुंगाला नांगरले, जाळले तरी एक पान मातीत राहिले की तो परत उठतो. आपणही घरे मागे सोडून आलेले लोक आहोत. पण आपण दाराला कुलूप लावून, शेजाऱ्यांना किल्ली देऊन, गळाभेट घेऊन आलो. हा फरक आई जाणत होती. ती ते झाड "आपलं" म्हणायची, पण "आपण लावलेलं" असे मात्र कधीच म्हटले नाही.

2013 मध्ये देशाच्या उत्तरेला, हुला खोऱ्याच्या बाजूला, निवडुंगाच्या कुंपणांवर पांढरा कापूस दिसू लागला. लेबनॉन-सीरियाच्या बाजूने तो आला असावा असे तज्ज्ञ म्हणतात. काही वर्षांत गालीलमधली कुंपणेच्या कुंपणे राखाडी पडली, मऊ होऊन कोसळली. मग तो दक्षिणेकडे सरकत आला. हा तोच किडा, 1926 मध्ये सिलोनहून दक्षिण हिंदुस्थानात आणलेल्या जातीचा. ज्याने आजीच्या भिंती खाल्ल्या, तोच शंभर वर्षांनी आमच्या मागे इथे आला म्हणायचा. शास्त्रज्ञांनी मग थेट मेक्सिकोत जाऊन या किड्याला खाणारे बारीक भुंगेरे आणि एक माशी आणली आणि इथे सोडली. ते रुजले आहेत. काही ठिकाणी जुन्या बुंध्यांना नवे कोंब फुटल्याचे आम्ही स्वतः पाहिले. पण लोदजवळच्या आमच्या त्या कुंपणाचे काही राहिले नाही. बाग आधीच गेली होती, तिथे आता इमारती आहेत. कडेला उरलेले चार बुंधेही त्या कापसाने गेले. म्हणजे त्या कुंपणाचे आज जिवंत असे एकच झाड आहे, आणि ते आमच्या मरपेसेत आहे. म्हणून त्या दिवशी बोट लाल झाले तेव्हा आमच्या छातीत धस्स झाले.

तर आता निगा. आम्ही माळी नव्हे. पण साठ वर्षे एक झाड कुंडीत जगले आहे, तेवढाच आमचा अधिकार.

पहिली गोष्ट पाणी. कुंडीतले निवडुंग तहानेने मरत नाहीत, प्रेमाने मरतात. आपल्या बायकांना रोज सकाळी सगळ्या कुंड्यांना तांब्या-तांब्या घालायची सवय. तुळशीला ते ठीक, याला नाही. उन्हाळ्यात माती पूर्ण कोरडी झाली की एकदाच भरपूर घालावे, खालून वाहून गेले पाहिजे, आणि बशीत साचलेले ओतून टाकावे. मग दहा-पंधरा दिवस विसरावे. हिवाळ्यात महिन्यातून एकदा पुरते. मरपेसेत पाऊस येत असेल तर मुळीच नको. बुंधा खाली तपकिरी आणि मऊ पडला तर मुळे कुजली असे समजावे. तेव्हा वरचे निरोगी पान कापून नवे झाड करणे एवढाच उपाय.

माती हलकी हवी. नुसती बागेतली काळी माती घातली तर ती विटेसारखी बसते. एक भाग माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग तुफ. तुफ म्हणजे तो गोलानचा लालसर सच्छिद्र दगड, कुठल्याही मश्तेलात पिशवीत मिळतो. कुंडी मातीची असावी, चिकणीमातीची भाजलेली, आणि खाली भोक मोठे. प्लॅस्टिकची कुंडी वजनाला हलकी असते, पण झाड मोठे झाले की वाऱ्याने उलटते. आमची दोनदा उलटली, एकदा खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या कपड्यांवर.

ऊन जितके मिळेल तितके द्यावे. घराच्या आत ठेवायचा असेल तर दक्षिणेची किंवा पश्चिमेची खिडकी. ऊन कमी पडले की नवी पाने रुंद न होता बोटांसारखी लांबुडकी, फिकी आणि वाकडी निघतात. असे दिसले तर झाड आजारी नाही, फक्त अंधारात आहे. मात्र आतले झाड एकदम जूनच्या उन्हात ठेवू नये, पाने भाजतात. आठवडाभर सावलीत, मग थोडे थोडे पुढे सरकवावे. कुंडीत फळ धरेलच असे नाही. आमच्याकडे साठ वर्षांत तीनदा आले, एकूण सात बोंडे.

काट्यांविषयी आपल्या वयाच्या माणसांना सांगायला हवे. मोठे काटे दिसतात, म्हणून टोचत नाहीत. त्रास देतात ती बारीक कुसळे, जी दिसत नाहीत. ती लागली तर चोळू नये. चिकटपट्टी लावून ओढावी, उरलेली चिमट्याने काढावी. झाड हलवायचे तर आईसारखी वर्तमानपत्राची जाड घडी करून धरावे. कापडी हातमोज्यांत कुसळे अडकून राहतात आणि पुढच्या वेळी तीच टोचतात. नातवंडे घरात असतील तर बिनकाट्याची जात लावावी. अमेरिकेत ल्यूथर बरबँक नावाच्या माळ्याने शंभर वर्षांपूर्वी बिनकाट्याच्या जाती विकून मोठे नाव केले होते. तशाला मोठे काटे नसतात. कुसळे थोडी असतातच, तेवढे लक्षात ठेवावे.

आणि आता तो कापूस. दिसताच कुंडी इतर निवडुंगांपासून दूर न्यावी, कारण किड्याची पिल्ले इतकी बारीक असतात की वाऱ्यावर उडून जातात. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून एकेक ठिपका पुसावा. दोन पानांच्या सांध्यात तो लपतो, तिथे जुना मऊ टूथब्रश आणि साबणाचे पाणी वापरावे. नंतर नळीने जोरात धुवावे. आठवड्याने पुन्हा पाहावे, महिनाभर पाहत राहावे. फार भरलेले पान कापून पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाकावे, खालच्या बागेत फेकू नये. बोट लाल झाले तर घाबरू नये, ते झाडाचे रक्त नव्हे, किड्याचा रंग आहे.

याच रंगाबद्दल एका भगिनीने विचारले, की मिश्कानच्या पडद्यांना जो किरमिजी लागला, तोराहमधला 'तोलाअत शानी', तो हाच का? नाही. तेव्हा हा किडा समुद्रापलीकडे होता. तो रंग ओकच्या झाडावर राहणाऱ्या दुसऱ्या एका किड्याचा, असे आजचे अभ्यासक मानतात. आणि हो, डब्यावर ई-120 असे लिहिलेले दिसले तर तो कोचिनीलचाच रंग. किडा आहे, तेव्हा काशेर नाही. चष्मा लावून वाचत जा.

आमच्या झाडाची पाच पाने कापावी लागली. खालचा जुना बुंधा अजून घट्ट आहे, पण भरवसा देववत नाही. वरचे एक निरोगी पान आम्ही काढून घेतले आहे आणि ते खिडकीच्या कट्ट्यावर जुन्या अंकाच्या कागदावर पडले आहे. कापलेली कड दहा-पंधरा दिवस सावलीत सुकू द्यायची, तिच्यावर कोरडी साय धरली की एक तृतीयांश मातीत रोवायचे आणि पहिला आठवडा पाणी घालायचे नाही. धाकट्या नातवाला ते हवे आहे. तो बेअर शेवाला भाड्याच्या खोलीत राहतो, खिडकी दक्षिणेला आहे असे सांगतो. सुक्कोतला येईल तेव्हा घेऊन जाईल. त्याने विचारले, "सवता, कुंडी आणू का?" आम्ही सांगितले, कुंडी नको. ऑलिव्हचा डबा आहे.